न्यायासनापुढची स्त्री : कार्ल ड्रायरची चित्रसृष्टी

१९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग होते. त्यातील धर्मविषयक विभागात एकाच दिग्दर्शकाचे दोन चित्रपट निवडले जाण्याचा मान केवळ दोघांच्या वाट्याला आला. एक रशियाचा आंद्रेई तार्कोव्स्की आणि दुसरा डेन्मार्कचा कार्ल थिओडोर ड्रायर. ड्रायरचे ते दोन चित्रपट म्हणजे १९२८ चा मूकपट ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ आणि १९५५ चा ‘ओर्डेट’, म्हणजे ‘शब्द’. यातील मौज अशी, की पहिल्या चित्रपटाला पॅरिसमध्ये कात्री लावल्याखेरीज तो दाखवला जाऊ नये असा आग्रह धरणाऱ्यांत सरकारी सेन्सॉरबरोबर खुद्द पॅरिसचे आर्चबिशपही होते. ज्या कलाकृतीकडे ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनी एके काळी संशयाने पाहिले, तिलाच सदुसष्ट वर्षांनी तिने आपल्या हाताने मानाचे पान वाढले.

ड्रायर कॅथलिक नव्हता. भाविकांसाठी भक्तिपट काढणारा म्हणून त्याची ओळख करून देणे तर सर्वस्वी चुकीचे ठरेल. त्याच्या चित्रपटांत धर्मोपदेशक, बिशप आणि धर्मपंडित पुष्कळ येतात आणि त्यांपैकी बहुतेकांचे दर्शन आपल्याला सुखावणारे नसते. तरीही, किंबहुना त्यामुळेच, झगा घालणाऱ्या प्रत्येकाने हे चित्रपट एकदा तरी पाहावेत, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी त्याच्या जन्मापासूनच सुरुवात केली पाहिजे.

३ फेब्रुवारी १८८९ रोजी कोपनहेगन शहरात त्याचा जन्म झाला. आई जोसेफिन निल्सन ही स्वीडनमध्ये एका जमीनदाराच्या घरी काम करणारी अविवाहित स्त्री. पिता तो जमीनदारच. बाळंतपणासाठी ती समुद्र ओलांडून कोपनहेगनला आली, ती आपला बोभाटा होऊ नये म्हणून. मूल परक्यांच्या हाती सोपवून ती परत गेली. पहिली दोन वर्षे त्या बालकाने अनाथांच्या आश्रयस्थानांत आणि निरनिराळ्या सांभाळकर्त्यांच्या घरी काढली. त्यानंतर ड्रायर नावाच्या, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका गृहस्थाने त्याला दत्तक घेतले आणि स्वतःचे संपूर्ण नावही दिले. त्या घरात त्याला अन्नवस्त्र मिळाले, माया मिळाली नाही. आपण येथे उपकारावर जगतो याची जाणीव आपल्याला सतत करून दिली जाई, असे तो पुढे सांगत असे.

तरुणपणी त्याने आपल्या जन्मदात्रीचा माग काढला, तेव्हा कळले ते असे. १८९१ साली ती पुन्हा गरोदर राहिली होती. या वेळी बाळंतपणासाठी दूर जाण्याचा मार्ग नव्हता, की कोणाचा आधार नव्हता. गर्भ पडावा म्हणून तिने आगकाड्यांच्या टोकांवरील फॉस्फरस पोटात घेतला आणि त्या विषाने ती तडफडून मेली. तिचा मुलगा त्या वेळी जेमतेम दोन वर्षांचा होता. हा सारा तपशील मॉरिस द्रूझी या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ मध्ये पुस्तकरूपाने जगापुढे आणला; तोवर ड्रायरला जाऊन चौदा वर्षे झाली होती. स्वतः ड्रायर हयातभर या विषयावर जाहीरपणे बोलला नाही.

मोठा झाल्यावर त्याने घर सोडले. तार कंपनीत कारकुनी केली, मग वृत्तपत्रांत शिरला. विमाने आणि फुगे यांचे त्याला वेड होते आणि त्यांवर तो हौसेने लिही. १९११ मध्ये एब्बा लार्सन हिच्याशी त्याचा विवाह झाला, तो अखेरपर्यंत टिकला. लवकरच तो नॉर्डिस्क या चित्रपट कंपनीत दाखल झाला. मूकपटांत पडद्यावर झळकणाऱ्या पाट्या लिहिणे, कादंबऱ्या वाचून त्यांतून पटकथा बेतणे, असे त्याचे काम असे. १९१९ मध्ये त्याचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. त्याचे नाव ‘द प्रेसिडेंट’. एका न्यायाधीशापुढे खटला येतो. आपल्या नवजात बालकाच्या हत्येचा आरोप असलेली, मालकाच्या मुलाने फसवलेली एक तरुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे. आणि ती न्यायाधीशाचीच अनौरस मुलगी आहे, हे त्याला उमगते. कथा दुसऱ्याच्या कादंबरीवरून घेतलेली होती. परंतु पहिल्याच चित्रपटासाठी नेमकी हीच कथा निवडावी, हा निव्वळ योगायोग मानायला मन धजत नाही.

पुढील सात वर्षांतील चित्रपटांचा धावता उल्लेख पुरे. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, जर्मनी असा तो फिरत राहिला. १९२० च्या ‘द पार्सन्स विडो’ या विनोदी चित्रपटात एका तरुण धर्मोपदेशकाला धर्मग्राम मिळतो तो अशा अटीवर, की त्याने दिवंगत धर्मोपदेशकाच्या वृद्ध विधवेशी लग्न करावे. (आपल्याकडच्या बदल्यांबद्दल कुरकुर करणाऱ्या आम्हा मंडळींना हा चित्रपट जरूर दाखवावा!) १९२२ मध्ये बर्लिन येथे काढलेल्या एका चित्रपटात त्याने रशियातील ज्यूंवरील अत्याचारांचे चित्रण केले. १९२५ मध्ये घरातल्या जुलमी नवऱ्याला म्हातारी दाई कशी वठणीवर आणते, याची कथा त्याने दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मांडली. हा चित्रपट फ्रान्समध्ये अनपेक्षित गाजला. तेथील एका चित्रसंस्थेने ड्रायरला बोलावून घेतले आणि फ्रान्सच्या इतिहासातील एखाद्या थोर स्त्रीवर चित्रपट काढण्यास सांगितले. राणी मारी आंत्वानेत, कातरीन द मेदिची आणि जोन ऑफ आर्क अशी तीन नावे पुढे आली. ड्रायरने जोन पत्करली.

काळ अनुकूल होता. शेतकऱ्याची ही मुलगी ३० मे १४३१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, रुआन शहरात जिवंत जाळली गेली होती. तिच्यावर खटला चालवला तो बिशप पिएर कोशों यांच्या अध्यक्षतेखालील धर्मन्यायासनाने. शहर मात्र इंग्रजांच्या ताब्यात होते आणि निकाल इंग्रजांना हवा तसाच लागणार होता. पुढे जोनच्या आईने रोमकडे दाद मागितली, फेरतपासणी झाली आणि १४५६ मध्ये तो निकाल रद्द ठरला. १६ मे १९२० रोजी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी तिला संतपद बहाल केले. साहजिकच फ्रान्समध्ये तिच्याविषयी भक्तीला आणि देशाभिमानाला उधाण आले होते. घोड्यावर स्वार झालेली, निशाण फडकावणारी वीरांगना पडद्यावर यावी अशी लोकांची अपेक्षा होती. कॅथलिक नसलेल्या एका परदेशी माणसाने आमच्या संतेला हात लावावाच का, असा सूरही उमटला.

ड्रायरने घोडा घेतला नाही, निशाण घेतले नाही, लढाई घेतली नाही. त्याने घेतले ते खटल्याचे मूळ दप्तर. लेखनिकांनी लिहून ठेवलेले प्रश्न आणि उत्तरे इतिहासकार पिएर शांपियों यांनी संपादित केली होती. तेच शांपियों चित्रपटाचे सल्लागार झाले. काही महिने चाललेली ती चौकशी ड्रायरने एका दिवसात घडल्यासारखी बांधली. आणि मग त्याने जे केले ते तोवर कोणी एवढ्या प्रमाणात केले नव्हते. कॅमेरा त्याने माणसांच्या चेहऱ्यांपाशी नेला आणि बहुतांशी तेथून हलवलाच नाही. सेट म्हणून भरभक्कम काँक्रीटचा एक किल्ला उभारला होता. चित्रात राखी छटा नेमकी उतरावी म्हणून त्याच्या भिंतींना गुलाबी रंग दिला होता. प्रत्यक्ष चित्रपटात तो किल्ला जवळजवळ दिसतच नाही. निर्मात्यांनी कपाळाला हात लावला असल्यास नवल नाही. रंगभूषेला बंदी होती. त्या काळी नव्याने प्रचारात येत असलेली, लाल छटाही नीट टिपणारी फिल्म कॅमेरामन रुडॉल्फ माते याने वापरली. त्यामुळे त्वचेवरचा प्रत्येक चामखीळ, प्रत्येक सुरकुती आणि घामाचा प्रत्येक थेंब पडद्यावर उतरला.

जोनची भूमिका रने फाल्कोनेत्ती या नटीने केली. ड्रायरने तिला पॅरिसच्या रंगभूमीवर एका हलक्याफुलक्या नाटकात पाहिले होते. तो तिला भेटला, रंग न लावता चेहरा दाखवायला सांगितले, आणि त्या चेहऱ्यात त्याला आपली जोन सापडली. प्रसंगांचे चित्रण कथेच्या क्रमानेच झाले. जोनचे केस कापले जातात त्या प्रसंगात तिचे खरे केस खरोखरीच कापले गेले. त्या भूमिकेनंतर ती पुन्हा कोणत्याही महत्त्वाच्या चित्रपटात दिसली नाही. १९४६ मध्ये दूर ब्वेनोस आइरेस शहरात तिचे निधन झाले. नटांना ड्रायर निर्दयपणे वागवी असा आरोप त्याच्यावर कायम होत राहिला, आणि तो अगदीच निराधार होता असे मला वाटत नाही. पवित्र हेतूसाठी केलेला छळ हा शेवटी छळच असतो. जोनच्या न्यायाधीशांचे तरी दुसरे काय म्हणणे होते?

या चित्रपटात एक प्रसंग आहे. जोन आजारी आहे, मरणाच्या भीतीने ख्रिस्तशरीरासाठी आसुसलेली आहे. न्यायाधीश तिच्या कोठडीत पवित्र भाकर घेऊन येतात, विधीची सारी तयारी करतात. तिचा चेहरा उजळतो. आणि मग तिच्यापुढे कागद ठेवला जातो : आधी सही, मग साक्रामेंत. ती नकार देते. पवित्र भाकर परत नेली जाते. धर्मगुरू म्हणून आयुष्याची कित्येक वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रसंग शांतपणे पाहवत नाही. वधस्तंभावरच्या ज्वाळा इतक्या भाजत नाहीत, कारण ज्वाळा पेटवणारे सैनिक होते. ख्रिस्ताचे शरीर आमिष म्हणून समोर धरणारे हात मात्र अभिषिक्त होते. सुदैवाने ड्रायर त्या न्यायाधीशांना निव्वळ खलपुरुष करून सोडत नाही. त्यांतील काहींना खरोखरच तिचा आत्मा वाचवायचा आहे. आंतोनँ आर्तो या नाट्यकर्मीने साकारलेला एक तरुण धर्मगुरू तिला डोळ्यांनी धीर देतो. शेवटी काहींचे डोळे भरून येतात. आपण न्याय करीत आहोत अशी खात्री असलेली माणसे काय करू शकतात, हे तो दाखवतो. आणि ते दुष्टांची दुष्टता पाहण्याहून अधिक भयंकर आहे.

या चित्रपटाच्या नशिबी जणू नायिकेचेच नशीब आले. २१ एप्रिल १९२८ रोजी कोपनहेगन येथे तो प्रथम दाखवला गेला. फ्रान्समध्ये त्याला कात्री लागली. इंग्रज सैनिकांचे चित्रण ब्रिटिशांना रुचले नाही आणि त्यांनी त्यावर बंदी घातली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बर्लिनच्या प्रयोगशाळेतील आगीत मूळ निगेटिव्ह जळून गेली. ड्रायरने उरलेल्या, न वापरलेल्या तुकड्यांतून जवळजवळ प्रत्येक दृश्य पुन्हा जुळवून दुसरी आवृत्ती सिद्ध केली. पुढच्याच वर्षी तिचीही निगेटिव्ह आगीत सापडली. पुढे कोणी कापलेल्या, कोणी जोडलेल्या, कोणी वर संगीत चढवलेल्या प्रतींतूनच जगाने हा चित्रपट पाहिला. १९५२ मध्ये प्रसृत झालेली एक प्रत पाहून ड्रायर संतापला होता. मग १९८१ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, ओस्लोजवळच्या डिकेमार्क येथील मनोरुग्णालयातील एका अडगळीच्या कपाटात फिल्मचे काही डबे मिळाले. त्यांत कात्री लागण्यापूर्वीची मूळ डॅनिश प्रत होती. आज आपण पाहतो तो चित्रपट तेथून आलेला आहे.

पॅरिसमध्ये ‘जोन’ची वाहवा झाली, पण गल्ला भरला नाही. संस्थेने पुढचा चित्रपट दिला नाही, तेव्हा ड्रायरने करारभंगाचा दावा लावला आणि जिंकलाही. मग एका श्रीमंत हौशी सरदाराने पैसा पुरवला, स्वतः नायकही झाला आणि १९३२ मध्ये ‘व्हॅम्पायर’ हा स्वप्नासारखा अंधुक भयपट निघाला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. ड्रायरची प्रकृती ढासळली, त्याला उपचार घ्यावे लागले. त्यानंतर दहा वर्षे त्याला चित्रपट मिळाला नाही. ज्याच्याबद्दल युरोपातील जाणकार आदराने बोलत, तो माणूस कोपनहेगनच्या वृत्तपत्रासाठी न्यायालयातील खटल्यांचे वृत्तांत लिहून पोट भरीत होता. रोज आरोपीच्या पिंजऱ्यासमोर बसायचे, चेहरे न्याहाळायचे, नोंदी करायच्या. त्याच्यासारख्यासाठी ही शिक्षा होती की शिकवणी, हे ठरवणे अवघड आहे.

१९४२ मध्ये हा वनवास संपला तो एका लहानशा माहितीपटाने. विषय होता, अडचणीत सापडलेल्या गरोदर स्त्रियांना, विशेषतः अविवाहित मातांना, मदत करणारी डेन्मार्कमधील संस्था. एक तरुणी तेथे येते, तिला सल्ला मिळतो, निवारा मिळतो, बाळंतपण पार पडते, मूल तिच्या कुशीत राहते. जेमतेम बारा मिनिटांचा, सरकारी वळणाचा हा पट. चित्रपटाच्या इतिहासात त्याला कोणी मोठे स्थान देत नाही. परंतु जोसेफिन निल्सनची हकीकत ठाऊक असलेल्याला तो सहज म्हणून पाहता येणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी असे एक दार तिच्यासाठी उघडे असते, तर?

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९४३ मध्ये, ‘डे ऑफ रॉथ’ आला. डेन्मार्क तेव्हा जर्मनांच्या टाचेखाली होता. आदल्याच महिन्यात तेथील हजारो ज्यू रहिवाशांना सामान्य डॅनिश लोकांनी होड्यांतून रातोरात स्वीडनला पोचवले होते. चित्रपटाचा काळ १६२३. झाडपाल्याची औषधे देणारी मार्ते नावाची एक म्हातारी चेटकीण म्हणून धरली जाते. ती धर्मोपदेशक अब्सालोनच्या पाया पडते. त्याने पूर्वी एकीला, आपल्या तरुण पत्नीच्या आईला, अशाच आरोपातून वाचवलेले असते. कारण त्याला तिची मुलगी हवी होती. मार्तेला वाचवून त्याला काहीच मिळणार नसते. शिडीला बांधलेली म्हातारी आगीत ढकलली जाते, तेव्हा बाजूला रांगेत उभी केलेली लहान मुले न्यायाच्या अंतिम दिवसाचे स्तोत्र गात असतात. नंतर अब्सालोनची पत्नी आन्ने सावत्र मुलाच्या प्रेमात पडते, नवरा मरावा अशी इच्छा बोलून दाखवते, तो मरतो, आणि सासू तिच्यावर चेटकाचा आरोप ठेवते. प्रियकरही तिची बाजू सोडतो. शेवटी शवपेटीजवळ उभी राहून आन्ने स्वतःच आरोप कबूल करते.

ती खरोखर चेटकीण असते का? इतके जण म्हणतात म्हणून तिला स्वतःलाही तसे वाटू लागते, हेच येथे खरे दुःख आहे. ज्याच्यावर समाज बोट रोखतो तो हळूहळू त्या बोटाच्याच नजरेने स्वतःकडे पाहू लागतो. प्रेक्षकांनी चित्रपटात आपल्या पारतंत्र्याचे प्रतिबिंब पाहिले. ड्रायरने तसा हेतू असल्याचे नाकारले, पण लवकरच तो स्वीडनला निघून गेला आणि युद्ध संपेपर्यंत तेथेच राहिला. तेथे काढलेला चित्रपट इतका फसला, की त्याने त्याचे पितृत्व जवळजवळ नाकारलेच.

परत आल्यावर पुन्हा सरकारी माहितीपट : खेड्यांतील चर्चवर, पुलावर, शिल्पकार थोरवाल्सनवर. रस्त्यावरील सुरक्षिततेवरचा एक पट १९४८ मध्ये निघाला. त्यात मोटारसायकलवरून बोट गाठायला भरधाव निघालेल्या जोडप्याशी शर्यत लावणाऱ्या मोटारीत साक्षात मृत्यू बसलेला असतो! वाहतूक खात्याने असा प्रचारपट मागितला असेल असे वाटत नाही. १९५२ मध्ये सरकारने त्याला कोपनहेगनमधील डागमार चित्रपटगृह चालवण्याचा परवाना दिला, तेव्हा कोठे संसाराची ददात मिटली. वयाची साठी ओलांडून गेली होती.

आणि मग ‘ओर्डेट’. मूळ नाटक काय मुंक यांचे. मुंक हे पश्चिम जटलंडमधील वेदरसो या खेड्यातील लूथरपंथीय धर्मोपदेशक. व्यासपीठावरून नाझींविरुद्ध निर्भयपणे बोलत. ४ जानेवारी १९४४ रोजी गेस्टापोने त्यांना घरातून नेले आणि गोळ्या घालून त्यांचे प्रेत रस्त्याकडेला टाकले. त्यांचे हे नाटक ड्रायरने १९३२ मध्ये रंगभूमीवर पाहिले होते, ते त्याने तेवीस वर्षे मनात जपले. बाहेरील दृश्यांच्या चित्रणासाठी तो मुंक यांच्याच खेड्यात गेला.

म्हाताऱ्या मॉर्टेन बोर्गेनचे शेतकरी घर. थोरला मुलगा मिकेल देव मानत नाही. मधला योहानेस धर्मशास्त्र शिकता शिकता, कीर्केगार्डचे ग्रंथ वाचून भ्रमिष्ट झाला आहे आणि आपणच ख्रिस्त आहोत असे समजून टेकड्यांवर प्रवचने देतो. धाकटा आंदर्स गावातल्या शिंप्याच्या मुलीवर प्रेम करतो. पण शिंपी दुसऱ्या, अधिक कडक गटाचा. तो या घराला खरे ख्रिस्ती मानायला तयार नाही, आणि म्हाताराही शिंप्याला. एकाच ख्रिस्ताचे अनुयायी एकमेकांच्या घरी सोयरीक जोडत नाहीत! या साऱ्यांना धरून ठेवणारी एकच व्यक्ती आहे : मिकेलची पत्नी इंगर. ती गरोदर आहे. बाळंतपणात आधी मूल जाते आणि मग तीही जाते. या भूमिकेतील नटी बिर्गित्ते फेडरस्पील तेव्हा खरोखरच गरोदर होती. तिच्या प्रसूतिवेदनांचे आवाज मुद्रित करून ड्रायरने चित्रपटात वापरले.

चित्रपट संथ आहे. दोन तासांहून अधिक अवधीत जेमतेम शंभराच्या वर दृश्यखंड. कॅमेरा खोलीत घरच्या माणसासारखा हळूहळू फिरतो. स्वयंपाकघराचा सेट लावताना ड्रायरने आधी खेड्यातल्या घरात असते ते सगळे साहित्य मांडायला लावले आणि मग एकेक वस्तू काढून टाकली. अगदी मोजक्या उरल्या, त्यांतूनच ते स्वयंपाकघर वाटते. या रिकामेपणामुळेच शेवटचा प्रसंग पेलला जातो.

इंगर उघड्या शवपेटीत आहे. सासरा मुलाची समजूत घालतो, की तिचा आत्मा आता देवाघरी आहे. देव न मानणारा मिकेल हुंदके देत सांगतो, की आपण तिच्या देहावरही प्रेम केले होते. देहाचे पुनरुत्थान हा आपल्या श्रद्धेचा भाग आपण दर रविवारी प्रकट करतो. त्याचा अर्थ मला धर्मविद्यालयातील व्याख्यानांपेक्षा या नास्तिकाच्या रडण्यातून अधिक जवळ आला, असे म्हटले तर माझे गुरुजन मला क्षमा करतील. इतक्यात परागंदा झालेला योहानेस परत येतो. त्याचे डोळे आता शुद्धीवर आलेल्या माणसाचे आहेत. इंगरला परत दे असे देवाला सांगण्याचे तुमच्यापैकी एकालाही कसे सुचले नाही, असे तो जमलेल्या भाविकांना विचारतो. सारे अवाक होतात. इंगरची लहानगी मुलगी तेवढी त्याचा हात धरते आणि त्याला लवकर करायला सांगते. तो येशूच्या नावाने तिला हाक मारतो, तेव्हा धर्मोपदेशक त्याला अडवायला पुढे सरसावतो. आणि त्या धर्मोपदेशकाला मागे खेचतो तो डॉक्टर! इंगरची बोटे हलतात. ती डोळे उघडते. मिकेलला मिठी मारते, बाळाबद्दल विचारते. थांबवलेले घड्याळ पुन्हा चालू केले जाते.

मुंक यांच्या नाटकात ती खरोखर मेली होती की नाही, याविषयी शंकेला थोडी फट ठेवलेली आहे. ड्रायरने ती फट बुजवली. चमत्कार दाखवायचा तर तो पुरता दाखवायचा, सबबीसकट नव्हे. मला नेहमी वाटते, की येथे एका मुलाने काही तरी मागितले आहे. गर्भासह मरून गेलेली, कोणीही जिच्यासाठी शब्द टाकला नाही अशी एक स्त्री त्याच्या जन्माच्या मुळाशी होती. १९१९ मध्ये त्याने तिला न्यायालयात उभे केले, १९२८ आणि १९४३ मध्ये चितेवर. १९५५ मध्ये त्याने तिला उठवले. हे माझे वाचन झाले. ड्रायरने असे कोठे म्हटलेले नाही. व्हेनिसच्या महोत्सवात ‘ओर्डेट’ला सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, मिळाला. नंतर १९६४ मध्ये आलेला ‘गेरत्रूद’ हा त्याचा अखेरचा चित्रपट पॅरिसमध्ये पहिल्याच खेळाला थट्टेचा विषय झाला. पंचाहत्तरीच्या वृद्धाने ते निमूटपणे सोसले.

त्याला खरा ध्यास होता तो वेगळ्याच चित्रपटाचा. जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये घुसले, तेव्हा त्याच्या मनात आले की रोमन सत्तेखालील ज्यू लोकांची अवस्था अशीच असली पाहिजे. तेथून येशूच्या जीवनावरील चित्रपटाची कल्पना उगवली. १९४९-५० च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात एका नाट्यनिर्मात्याचा पाहुणा म्हणून राहून त्याने संपूर्ण संहिता लिहिली. त्याचा येशू ज्यू असणार होता, ज्यू लोकांत वावरणारा, त्यांचे सण पाळणारा. चित्रण इस्राएलमध्ये व्हायचे होते. म्हातारपणी तो हिब्रू शिकू लागला. येशूच्या मृत्यूचा ठपका साऱ्या ज्यू लोकांवर ठेवणाऱ्या जुन्या समजुतीला त्याला उत्तर द्यायचे होते. खटला चालवला आणि शिक्षा अमलात आणली ती परकीय सत्तेने, असे त्याचे म्हणणे. रोमन अधिकाऱ्यांवर तो सारा भार टाकतो तो इतिहासाच्या कसोटीला पूर्णपणे उतरेल असे नाही. तथापि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ज्यू समाजावरील तो सामूहिक ठपका जाहीरपणे नाकारला, त्याच्या पंधरा वर्षे आधी ही संहिता लिहून तयार होती, हे विसरता येत नाही.

अमेरिकन निर्मात्याकडून काही झाले नाही. वर्षे गेली. अखेर १९६७ मध्ये डॅनिश सरकारने या चित्रपटासाठी भरीव रक्कम देण्याचे मान्य केले, इटलीच्या दूरचित्रवाणी संस्थेनेही रस दाखवला. २० मार्च १९६८ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, न्यूमोनियाने ड्रायरचा मृत्यू झाला. त्याच वर्षी संहिता पुस्तकरूपाने निघाली. तीत लाजरस उठतो. परंतु शेवट येतो तो क्रुसावरील मृत्यूपाशी. रिकाम्या कबरेचे दृश्य ड्रायरने लिहिलेले नाही.